बायोफिल्म डीएनएनं धरून ठेवली आहे का? कॉलेजच्या लॅबमध्ये तपासायची रीत

जीवाणू पृष्ठभागाला चिकटून जो थर बसवतात त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात पेशींच्या बाहेर मोकळा डीएनए असतो आणि तो थराला धरून ठेवतो, हे आता एमएस्सीच्या अभ्यासात सगळेच वाचतात. मी नागपुरात मायक्रोबायोलॉजी शिकवते. चौथ्या सेमिस्टरचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की कोणी ना कोणी हा विषय घेऊन येतंच, आणि प्रश्नही ठरलेला असतो: "मॅडम, डीएनेज टाकायचं, क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग कमी झाला की सिद्ध झालं ना?" डीएनेज म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, आणि क्रिस्टल व्हायोलेट हा थराला लागणारा रंग; थर कमी तर रंग कमी. पण तेवढ्यानं होत नाही. रंग कमी व्हायला इतरही कारणं असतात. ती एकेक करून बाजूला काढली तरच डीएनएवर बोट ठेवता येतं. ती कशी काढायची, तेही आपल्याकडच्या साध्या लॅबमध्ये आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ते इथे सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण प्रयोगाची मांडणी तिच्यातूनच निघते. २००२ मध्ये सिंथिया व्हिटचर्च आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये छोटासाच लेख छापला. स्युडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या वाढीच्या माध्यमात सुरुवातीपासून डीएनेज ठेवलं तर थर बसतच नव्हता. आधीच बसलेल्या थरांपैकी ६० तासांपर्यंतचे विरघळले, ८४ तासांच्या थरावर मात्र फारसा परिणाम झाला नाही. बहुतेक मुलं पहिलं वाक्य लक्षात ठेवतात आणि शेवटचं विसरतात. माझ्या मते अख्ख्या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य ते शेवटचंच आहे. डीएनएचं काम थराच्या वयानुसार बदलतं, म्हणून एकाच वयाच्या थरावर केलेला प्रयोग अर्धवट राहतो.

कुडाच्या भिंतीत माती-शेणाबरोबर तणीस मिसळतात, तसं हे आहे. माती म्हणजे पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) आणि प्रथिनं, तणीस म्हणजे डीएनएचे लांब धागे. हा डीएनए येतो कुठून? बराचसा फुटलेल्या पेशींतून. स्टॅफिलोकोकसमध्ये ऑटोलायसिन नावाची एन्झाइम्स स्वतःच्याच पेशींच्या भिंती कापतात. एन्टेरोकोकस फीकॅलिसमध्ये जिलॅटिनेज नावाचं एन्झाइम हे काम घडवून आणतं. स्युडोमोनासमध्ये तर काही पेशी गोल होऊन काही सेकंदांत फुटतात आणि आतलं सगळं बाहेर सांडतं, हे २०१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवलं गेलं. डीएनए ऋणभारित असल्यामुळे मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन धरून ठेवतो. टोब्रामायसिनच्या जातीची अँटिबायोटिक औषधंही धनभारित असतात, त्यामुळे तीही त्यात अडकतात. थरातल्या जीवाणूंना औषध कमी लागू पडतं, त्याचं हे एक कारण.

मॅग्नेशियमची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला त्रास देणार आहे.

जीवाणू कोणता घ्यावा

मुलांना घरच्या कूलरच्या टाकीतला बुळबुळीत थर आणायचा असतो, नाहीतर अंबाझरी-फुटाळा तलावांच्या काठच्या दगडावरचा. आणा, मी नाही म्हणत नाही. पण सुरुवात त्यानं करू नका. अनोळखी जीवाणूवर डीएनेजचा परिणाम दिसला नाही, तर थरात डीएनए नव्हता की तुमचं एन्झाइम मेलेलं होतं, हे कळायला मार्ग उरत नाही. आधी ओळखीच्या स्ट्रेनवर पद्धत बसवा. अँटिबायोटिक डिस्क तपासायला ठेवलेले स्युडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३ आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ बहुतेक विभागांत असतात आणि दोन्ही थर बसवतात. नसतील तर चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जीवाणू-संग्रहांकडून कल्चर मागवता येतं. दोन्ही रोगकारक आहेत, म्हणून सेफ्टी कॅबिनेट, हातमोजे आणि तोंडानं पिपेट न ओढणं, यात तडजोड नाही.

स्टॅफिलोकोकस घेणार असाल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. तो स्वतःच न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, बाहेर सोडतो. डीएनेज अगारवर त्याच्याभोवती स्वच्छ वलय दिसतं, ते याच गुणामुळे. हे न्यूक्लिएज कॅल्शियमवर चालतं आणि आपलं डीएनेज ज्या द्रावणात विरघळवतो त्या बफरमध्ये कॅल्शियम असतंच. म्हणजे बाहेरून एन्झाइम न टाकता नुसतं बफर टाकलं तरी जीवाणूचं स्वतःचं एन्झाइम जोर धरू शकतं आणि थर पातळ होऊ शकतो. नुसत्या बफरच्या वेलमध्येही (वेल म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा) रंग उतरलेला दिसला तर प्रयोग बिघडला असं समजून प्लेट फेकून देऊ नका. ती नोंद महत्त्वाची आहे.

प्लेट लावताना

९६ वेलची, सपाट तळाची, पॉलिस्टायरीनची प्लेट घ्या. स्टॅफिलोकोकससाठी टीएसबी या पातळ माध्यमात १ टक्का ग्लुकोज घाला. आपल्याकडे डब्यावर बहुधा 'सोयाबीन केसीन डायजेस्ट मीडियम' असं लिहिलेलं असतं, तेच टीएसबी. रात्रभर वाढवलेलं कल्चर ताज्या माध्यमात शंभरपट पातळ करा, वेलमध्ये २०० मायक्रोलिटर घाला आणि ३७ अंशाला न हलवता ठेवा.

आता नागपूरची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये लॅबमध्ये एसी नसेल तर साध्या इन्क्युबेटरवर विश्वास ठेवू नका. तो फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोलीच ४१-४२ अंशांवर गेली तर डायल ३७ वर असूनही आत ४२ असतं. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, दुपारी तीनला स्वतः वाचा. गार करणारा बीओडी इन्क्युबेटर मिळत असेल तर तोच वापरा, आणि नसेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या. सबमिशन मे महिन्यात आहे म्हणून प्रयोगही मेमध्ये करायचा, असं काही नाही.

दुसरा त्रास कोरड्या हवेचा. उन्हाळ्यात प्लेटच्या कडेच्या वेल रात्रीतून निम्म्यावर येतात. पाणी उडालं की मीठ आणि ग्लुकोज दाट होतं, आणि कडेच्या वेलचा थर मधल्यांपेक्षा वेगळाच बसतो. म्हणून बाहेरची अख्खी ओळ चारी बाजूंनी सोडून द्यायची, त्यात नुसतं निर्जंतुक पाणी भरायचं. प्लेट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि तळाला ओला टिश्यू पसरायचा. ९६ पैकी ६० वेल उरतात, पण त्या ६० भरवशाच्या असतात.

एन्झाइम कधी टाकायचं

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मुलं ते एकाच ग्राफमध्ये कोंबतात. थर बसायला डीएनए लागतो का? यासाठी एन्झाइम पहिल्या मिनिटापासून माध्यमात हवं. बसलेला थर टिकायला डीएनए लागतो का? यासाठी आधी थर बसू द्यायचा, वरचं माध्यम हळूच काढायचं, ०.९ टक्के सलाइननं एकदा धुवायचं आणि मग बफरमधलं एन्झाइम घालून ३७ अंशाला एक-दोन तास ठेवायचं. धुवायला बोअरचं पाणी नको, आपल्या भागात त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. एन्झाइम फॉस्फेट बफरमध्येही विरघळवू नका, फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी थराची वयं निदान चार घ्या: ६, २४, ४८ आणि ७२ तास. २४ तासांच्या पुढे जाणाऱ्या वेलमध्ये रोज माध्यम बदला. कोवळा थर डीएनेजनं सुटतो आणि जुना सुटत नाही असं दिसलं, तर जुन्यात डीएनए नाही असं लिहू नका. जुन्या थरात पॉलिसॅकराइड वाढलेलं असतं. डीएनएचे धागे जिथे एकमेकांना छेदतात तिथे आयएचएफ आणि एचयू ही प्रथिनं बसलेली असतात. शिवाय काही डीएनए नेहमीची उजवी पीळ सोडून डावी पीळ घेतो, ज्याला झेड-डीएनए म्हणतात, आणि नेहमीचं डीएनेज त्याला सहजी कापू शकत नाही. हे २०२१ मध्ये 'सेल'मध्ये छापून आलं. म्हणजे 'एन्झाइमनं फरक पडला नाही' आणि 'डीएनए नाही' ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत.

बैलाच्या स्वादुपिंडातलं डीएनेज-१ आपल्या कामाला पुरतं. प्रति मिलिलिटर १०० मायक्रोग्रॅम ही बऱ्याच प्रयोगांत वापरलेली मात्रा आहे. बफर: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५ च्या आसपास, २.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. पावडर विरघळवताना व्हॉर्टेक्सवर धरू नका, ते एन्झाइम जोरानं हलवलं की बिघडतं. ट्यूब हलकेच उलटीसुलटी करा. छोटे-छोटे भाग करून उणे २० ला ठेवा, एकदा काढलेला भाग परत गोठवू नका. वीज गेली असताना फ्रीझर उघडू नका, आणि टेबलावर एन्झाइम बर्फात ठेवायचं, नुसतं 'पटकन करते' म्हणून चालत नाही. ४२ अंशांच्या खोलीत 'पटकन'ला अर्थ नसतो.

कंट्रोल

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या वेल. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. व्हायव्हात एक्स्टर्नल इथेच बोट ठेवतात आणि ठेवायलाच हवं.

नुसत्या सलाइनच्या वेल हव्याच. त्याखेरीज नुसत्या बफरच्या. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम स्वतःच थराचा चिकटपणा बदलतात. बफरच्या वेल नसतील तर दिसलेला फरक आयनांचा की एन्झाइमचा हे कोणीच सांगू शकणार नाही. द्रवरूपात विकत घेतलेल्या एन्झाइममध्ये बहुधा ५० टक्के ग्लिसरॉल असतं. मग बफरच्या वेलमध्येही तेवढंच ग्लिसरॉल घाला.

मग मारलेलं एन्झाइम. तेवढंच डीएनेज उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून थंड करून वापरा. हे प्रथिन त्या वेलमध्ये आहे, पण कापत नाही. नुसतं प्रथिन घातल्यानं पेशी पृष्ठभागावरून सुटत असतील तर ते इथे पकडलं जातं. मारलेलं खरंच मेलं आहे आणि जिवंत खरंच जिवंत आहे, हे गृहीत धरू नका. बाजारात मिळणारा साल्मन स्पर्म डीएनए त्याच बफरमध्ये दोन्हींबरोबर अर्धा तास ठेवा आणि १ टक्का अ‍ॅगरोज जेलवर चालवा. एका ओळीत डीएनए नाहीसा, दुसऱ्या ओळीत जसाच्या तसा. या एका जेलच्या फोटोनं निम्मे प्रश्न बंद होतात.

अनेक मुलं विचारतात की एन्झाइम थांबवायला ईडीटीए टाकून तेच कंट्रोल म्हणून का वापरू नये. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए ते पळवतं, तर्क बरोबर वाटतो. पण ईडीटीए स्वतःच स्युडोमोनासचा थर फोडतं. त्यामुळे ते इथे कंट्रोल होऊच शकत नाही.

आणखी एक फट राहते. स्वस्त दर्जाच्या डीएनेजमध्ये थोडं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, मिसळलेलं असू शकतं. थर प्रथिनांवर उभा असेल तर तो प्रोटिएजनंही सुटेल, आणि उकळल्यावर प्रोटिएजही मरतं, म्हणजे मारलेल्या एन्झाइमचं कंट्रोल ही फट बुजवत नाही. उपाय एकच, प्रोटिएज-मुक्त दर्जाचं विकत घेणं. विभागाकडे पैसे कमी असतील तर दोन प्रोजेक्टनी मिळून एक बाटली घ्या, एवढ्या कामाला ती पुरून उरते.

जमलं तर दोन वेल-गट जास्तीचे लावा: एक प्रोटिनेज-के, जे प्रथिनं कापतं, आणि एक १० मिलिमोलर सोडियम मेटापरआयोडेट, जे पॉलिसॅकराइड तोडतं. मग डीएनए, प्रथिन आणि पॉलिसॅकराइड यांपैकी थर मुख्यतः कशावर उभा आहे, हे एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी दिसतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि एपिडर्मिडिस ही सख्खी भावंडं असूनही इथे वेगळी वागतात. ऑरियसचा बसलेला थर डीएनेजनं सुटतो, एपिडर्मिडिसचा मुख्यतः पॉलिसॅकराइडवर तगून असतो.

रंग आणि मोजणी

हा भाग सगळ्यांना येतो. हळू धुवा, पाण्यातलं ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट दहा-पंधरा मिनिटं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, पूर्ण वाळू द्या, ३० टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये रंग विरघळवा, रंग नव्या प्लेटमध्ये काढून ५५० ते ६०० नॅनोमीटरच्या मधल्या फिल्टरवर वाचा. एलायझा रीडर नसेल तर हेच सगळं प्लास्टिकच्या टेस्टट्यूबमध्ये करा, ३ मिलिलिटर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घाला आणि कलरिमीटरवर घ्या. रीडिंग दोनच्या वर जात असेल तर पातळ करून परत वाचा. जीवाणू न घातलेल्या, फक्त माध्यमाच्या वेलचं रीडिंग वजा करा. एन्झाइम सुरुवातीपासून होतं त्या वेलमधली वाढही ओडी ६०० वर (६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजून) आधी नोंदवा. वाढच कमी झाली असेल तर थर कमी दिसणारच.

पण क्रिस्टल व्हायोलेटवर थांबू नका. तो रंग ऋणभारित सगळ्यालाच चिकटतो, डीएनएलाही. डीएनए कापून निघून गेला आणि पेशी तिथेच राहिल्या, तरी रंग थोडा उतरेल. म्हणून काही वेल बाजूला ठेवा आणि त्यांच्यात कॉलनी मोजा: वर तरंगणाऱ्या द्रवातल्या वेगळ्या, तळाला चिकटलेल्या खरवडून काढून वेगळ्या. डीएनेजनं खरोखर बंध तोडला असेल तर चिकटलेल्या कमी होतील, तरंगणाऱ्या वाढतील आणि बेरीज जवळपास तीच राहील. बेरीजच घटली तर पेशी मरत आहेत, आणि ती वेगळी कहाणी आहे. माझ्याकडच्या मुलांना मी सांगते की ग्राफ एकच छापायचा असेल तर हा छापा.

एकाच प्लेटवरच्या आठ वेल म्हणजे आठ प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आठदा वाचलेला असतो. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या कॉलनींपासून सुरुवात करा आणि प्रत्येक दिवसाची सरासरी हा एक आकडा धरा.

डीएनए प्रत्यक्ष काढून बघायचा असेल तर

थर सलाइनमध्ये खरवडा, पिपेटनं हळू वर-खाली करा. सोनिकेटर लावू नका, काचेचे मणी घालू नका, पेशी फुटल्या की आतला डीएनए बाहेरच्यात मिसळला आणि सगळं वाया. गार सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी खाली बसवा, वरचं ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, सोडियम अ‍ॅसिटेट आणि अडीचपट गार इथेनॉलनं डीएनए खाली आणा आणि जेलवर चालवा. नुसत्या २६० नॅनोमीटरच्या रीडिंगवर विसंबू नका, आरएनएही तिथेच दिसतो. शेजारच्या ओळीत त्याच जीवाणूचा पेशींतून काढलेला डीएनए आणि डीएनेजनं हाताळलेला नमुना हवा. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर कव्हरस्लिपवरच्या थराला प्रोपिडियम आयोडाइड हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग लावा. ते मेलेल्या पेशींतही शिरतं, म्हणून ठिपक्यांकडे नव्हे, पेशींच्या मधल्या धाग्यांकडे बघायचं.

लिहिताना

प्रस्तावनेत जवळपास प्रत्येक जण डॉर्नेज अल्फाचा दाखला देतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना वाफेतून दिलं जाणारं हे मानवी डीएनेज अमेरिकेत १९९३ पासून मान्य आहे, आणि ते कफ पातळ करतं, हे खरं. पण त्या कफातला बहुतेक डीएनए रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींचा असतो. जीवाणूच्या थरातल्या डीएनएचा पुरावा म्हणून ते औषध मांडू नका. त्यापेक्षा १९४६ च्या मॅकार्टी आणि एव्हरी यांच्याकडे जा. न्यूमोकोकसचे गुण बदलणारा पदार्थ डीएनएच आहे, हे पक्कं करायला त्यांनी शुद्ध केलेलं डीएनेज वापरलं, आणि त्याला मॅग्नेशियम लागतं हेही त्यांना ठाऊक होतं. तुमच्या प्रयोगाची वंशावळ तिथून सुरू होते.

पद्धत बसली की मग खुशाल कूलरच्या टाकीतला जीवाणू घ्या, १६एस जनुकाच्या क्रमावरून ओळखून घ्या आणि हीच प्लेट लावा. निकाल उलटाही येऊ शकतो. कॉलोबॅक्टर या गोड्या पाण्यातल्या जीवाणूत मेलेल्या पेशींचा डीएनए नव्या पेशींच्या चिकटणाऱ्या टोकाला जाऊन बसतो आणि त्यांना थरात बसूच देत नाही. तिथे डीएनए काढून टाकला तर चिकटणं वाढतं. तुमच्या वेलमध्ये डीएनेजनंतर जांभळा रंग गडद झाला तर घाबरून आकडे गाळू नका. पुन्हा करा, तेच आलं तर तसंच लिहा.

काम संपल्यावर वापरलेल्या प्लेट १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करा. ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन निघतो. क्रिस्टल व्हायोलेटचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा आणि बाटलीवर नाव-तारीख लिहा.